‘आजवर ऐकलेली सर्वांत मोठी मैफल’ सांगण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा शेवटचा दिवस आटोपून पुण्याच्या मुकुंदनगरहून परतताना तुमच्या पाच जणांत ‘आजवर ऐकलेली सर्वांत मोठी मैफल कोणती’ यावरून जुंपली आणि एका प्रश्नाने तुझं तोंड बंद झालं: ‘भीमसेनांना समोर बसून ऐकलंयस का तू?’ पंडितजी २४ जानेवारी २०११ला गेले. तुझ्या वयाच्या मुलीला या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागणार. तेव्हा या वादात आपण बोलावं की नुसतं ऐकून घ्यावं, असं तू विचारतेस.

बोलावं. हा वाद रिकामटेकड्यांचा नाही. ख्याल, म्हणजे जागीच फुलवत नेलेलं रागगायन, कागदावर उतरत नाही. त्यातली बंदिश, ठरलेल्या शब्द-चालीची चीज, तेवढी उतरते. बाकीचं सगळं ऐकणाऱ्यांच्या कानांत आणि बोलण्यात टिकतं. रसिक नीट भांडले तर काय ऐकायचं असतं हे पुढच्यांना कळतं. फक्त एक पथ्य पाळ. जे बोलशील ते समोरच्याला तपासता आलं पाहिजे. ‘काय गायले!’ हे तपासता येत नाही. ‘मारवा रागात पहिली दहा मिनिटं षड्जावर, म्हणजे सा वर, मुक्काम केला नाही, कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्या आधाराने बढत (रागाचा पायरीपायरीने विस्तार) केली, आणि मग षड्ज लावला’ हे येतं. असं बोलणाऱ्याला वय विचारत नाहीत.

मुळात या वादात तीन निराळ्या गोष्टींचा गुंता झालेला असतो. कलाकार थोर आहे, ही एक. त्या दिवशीचं गाणं चांगलं झालं, ही दुसरी. आणि त्या संध्याकाळी मला काहीतरी झालं, ही तिसरी. तिसरीवर वाद घालू नकोस, ती ज्याची त्याची. पहिलीवर घालायला चाळीस वर्षांचं ऐकणं लागतं. मधलीवर मात्र तुला आजही बोलता येईल, आणि हे पत्र तेवढ्यापुरतंच आहे.

सुरुवात तंबोऱ्यापासून कर. कलाकार मंचावर येऊन बसतो तेव्हा मांडवात नमस्कार आणि ख्यालीखुशाली चाललेली असते. नेमकी तीच पाच-सात मिनिटं कामाची. पहिली तार कशात लावली आहे ते ऐक. बहुतेक वेळा पंचमात. रागात पंचम नसेल तर ती मध्यमात किंवा निषादात मिळवतात: मालकंसाला मध्यम, पूरियाला निषाद. राग जाहीर होण्याआधी यावरून अंदाज बांधता येतो. मधल्या दोन तारा जोडीच्या, षड्जाच्या, चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. जोडीच्या तारा एकजीव झाल्या नसतील तर त्यांच्यात एक हेलकावा ऐकू येतो. तारेखालचा मणी किंचित सरकवून तो घालवतात. घोडीवरचा दोरा नेमक्या जागी बसला, जवारी (घोडीमुळे तारेला मिळणारी झणक) खुलली आणि खर्ज अचूक लागला, की कुणीही न छेडलेला गंधार तंबोऱ्यातून ऐकू यायला लागतो. तो खर्जाच्या तारेचाच पाचवा स्वरांश. तो ऐकू आला तर वहीत लिही, नाही आला तर तेही लिही, कारण पुढच्या तासाभराचं सुरेलपण त्याच्यावर उभं असतं. मिरजेच्या कारागिरांची इतक्या पिढ्यांची कीर्ती या जवारीसाठीच आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

इथेच पेटीचा (हार्मोनियमचा) मुद्दा येतो. समान अंतरावर मिळवलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट, त्यावरून हिशेब कर. हा फरक लहान आहे, पण गायक यमनात गंधारावर थांबला आणि पेटीवाल्याने तोच स्वर दाबून धरला, की दोन गंधार एकमेकांना घासतात. जाणता पेटीवादक अशा वेळी हात हलका करतो किंवा षड्ज-पंचमावर सरकतो. ‘आज सूर लागला नाही’ हे गायकाच्या माथी मारण्याआधी पेटीने काय केलं ते आठव. आकाशवाणीवर १९४०पासून जवळपास तीन दशकं पेटीला बंदी होती, तेव्हाच्या ध्वनिमुद्रणांत सारंगी ऐकू येते. ती आणि आजची पेटीची मैफल शेजारी ठेवून सुरेलपणाची तुलना करणारे पुष्कळ भेटतील; साथीचं वाद्य बदललं आहे हे त्यांच्या ध्यानात आणून दे.

आता लय. वादात सर्वांत जास्त घोळ इथे होतो आणि सर्वांत सोपं मोजमापही इथेच आहे. साधं सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ घालून जा. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा; समेपासून समेपर्यंत एक आवर्तन. त्याला किती सेकंद लागले ते मोज. विलंबित एकतालात सम सापडायला सुरुवातीला अवघड जाते, कारण पहिल्या दोन्ही मात्रांवर ‘धिं’ आहे. तेव्हा सातव्या मात्रेवरचा ‘कत्’ धर. तो आला की निम्मं आवर्तन संपलं. तीनतालात नववी मात्रा खालीची. दहावीपासून डग्ग्याची (जोडीतल्या डाव्या तबल्याची) घुमक थांबते आणि चौदावीला परत येते. मुखड्याची, म्हणजे समेवर आणून सोडणाऱ्या बंदिशीच्या तुकड्याची, वाट पाहायची सवय लाव, म्हणजे सम आपोआप पायात येईल.

अतिविलंबित एकतालात एक मात्रा ४ ते ५ सेकंदांची असू शकते, म्हणजे आवर्तन ४८ ते ६० सेकंदांचं. गायक अमीर खांसाहेबांचा झुमरा ताल याच जातीचा, १४ मात्रांचा. जयपूर घराण्यात विलंबित तीनतालसुद्धा बराच चालता असतो. मात्रा सेकंद-सव्वा सेकंदाच्या आसपास, आवर्तन १६ ते २० सेकंदांत. आता एवढं मनात धरून गणित कर. ३५ मिनिटांच्या बड्या ख्यालात (विलंबित लयीतल्या पहिल्या भागात) ५५ सेकंदांची आवर्तनं ३८ बसतात. २० सेकंदांची १०५. पहिल्या गायकाला समेवर येऊन नवं काही उभं करायच्या ३८ संधी मिळाल्या, दुसऱ्याला १०५. पहिल्याकडे स्वराचा विस्तार मागावा, दुसऱ्याकडे बोलांची आणि लयीची गुंफण. संथ गाणाऱ्या किराणा घराण्याचा रसिक जयपूरच्या गाण्याला ‘घाई’ म्हणतो आणि जयपूरचा किराण्याला ‘रेंगाळणं’. दोघेही आपली मोजपट्टी दुसऱ्याच्या कापडाला लावत असतात. तुमच्या पाच जणांतली निम्मी भांडणं या एका मोजणीने मिटतील.

आवर्तन एकदा मोजून थांबू नकोस. पहिल्या पाच मिनिटांत, मध्यावर आणि बडा ख्याल संपताना, असं तीनदा मोज. लय थोडी वाढणं हे बढतीचाच भाग आहे; ५० सेकंदांवर सुरू झालेलं आवर्तन अर्ध्या तासाने ४२वर आलं तर बिघडलं नाही. बिघडतं ते असं: एक जोरकस तान झाली, टाळी पडली, तबलजीने उत्साहात पुढच्या दोन आवर्तनांत लय ओढली, आणि गायकाला पुढचा आलाप त्या लयीत मावेना. तो मुखडा लवकर उचलायला लागतो, अक्षरं दाटतात. याला ‘लय पळाली’ म्हणतात. गायकाने हाताने थोपवल्याची खूण केली का, तेही पाहा. उलट ‘तबला फारच साधा होता’ अशी तक्रार कुणी केली तर त्याला विचार: ठेका भरलेला होता का, दोन मात्रांमधली पोकळी समान होती का? ६० सेकंदांचं आवर्तन अर्धा तास न डगमगता चालवणं हे जलद रेल्यापेक्षा (सलग वेगवान बोलांपेक्षा) अवघड काम आहे, आणि त्याला टाळी मिळत नाही.

रागाची पारख एका पत्रात सांगून होणार नाही. एकच युक्ती देतो: शेजारच्या रागांची. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच, कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारवा रिषभ-धैवतावर तोललेला, षड्ज टाळत राहणारा. पूरिया गंधार-निषादाचा, मंद्रात (खालच्या सप्तकात) रमणारा. सोहनी तार षड्जाकडे झेपावणारा आणि उत्तररात्रीचा. तसंच भूप आणि देसकार. पाच स्वर तेच, पण भूपाचा जीव गंधारात आणि देसकाराचा धैवतात, एक संध्याकाळचा, दुसरा सकाळचा. ‘मारवा अप्रतिम झाला’ असं वाटलं तर स्वतःला विचार, पूरियाची सावली किती वेळा पडली? द्रुतात, तानांच्या भरात, गंधार-निषादावर टेकण्याचा मोह होतो आणि मारवा हातातून निसटतो. हे तुला ऐकू आलं तर तुझं मत पक्कं. ऐकू आलं नाही तर ‘मला आवडला’ एवढंच म्हण, तेही खरंच आहे. अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) आणि जोडरागांबद्दल पहिली काही वर्षं मत देऊ नकोस. दोनदा ऐकलेल्या रागावर निवाडा करणं गायकावर अन्याय आहे.

बसायची जागा हा विषय कुणी काढत नाही. माझ्या मते अर्ध्या मतभेदांचं मूळ तिथेच आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून ५० मीटरवर बसलीस तर प्रत्यक्ष आवाज तुझ्याकडे ०.१५ सेकंदाने उशिरा पोचतो. द्रुत तीनतालात मात्रा पाव सेकंदाची असली तर तबल्यावरचा हात आणि कानावरचा बोल यांत अर्ध्याहून अधिक मात्रेचं अंतर पडतं. इतकं असतं तरी चाललं असतं, पण मोठ्या मांडवात पुढचे आणि मधले असे दोन ठिकाणचे स्पीकर असतात. मधल्या स्पीकरांचा आवाज मोजून उशिराने सोडावा लागतो. ते जमलं नाही तर दोन्हीकडून तीच तान थोड्या अंतराने कानावर येते. सेकंदाला आठ स्वरांची सपाट तान असेल तर एक स्वर सव्वाशे सहस्रांश सेकंदांचा. त्यात ०.१५ सेकंदाची भर पडली की मागचा स्वर पुढच्यावर सांडतो. मग तुझ्या रांगेतला म्हणतो ‘दाणा स्वच्छ नव्हता’, पुढचा म्हणतो ‘मोत्यासारखी तान’, आणि दोघंही प्रामाणिक असतात.

म्हणून शक्य असेल तेव्हा ध्वनिसंयोजकाच्या मिक्सरच्या थोडं पुढे, मधल्या रेषेत बस. तो माणूस तिथे ऐकून आवाज जुळवत असतो, सबंध मांडवात त्या जागेइतकं समतोल क्वचितच ऐकू येतं. स्पीकरच्या खांबाखाली तर मुळीच बसू नकोस, डग्गा छातीत घुमतो आणि मंद्र सप्तक त्यात बुडतं. मंचावर काय चाललंय तेही पाहत जा. गायक वारंवार मॉनिटरकडे (त्याच्यासमोरच्या स्पीकरकडे) बोट दाखवत असेल, कानावर हात ठेवत असेल, तर त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. अशा वेळी आवाज ताणला जातो, तार सप्तकात स्वर चढा लागू शकतो. त्या वेळेची नोंद कर: ‘७.४० ते ७.५५ मॉनिटरची अडचण’. मग त्या पंधरा मिनिटांवरून गाण्याचं मोल ठरवू नकोस.

हवामानाचंही तसंच. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तंबोऱ्याची तार प्रसरण पावते आणि स्वर उतरतो. त्याच उष्णतेने तबल्याची पुडी (तोंडावरचं चामडं) वाळते, ताणली जाते आणि स्वर चढतो. दोन्ही वाद्यं एकमेकांपासून विरुद्ध दिशांना सरकतात. डिसेंबरच्या उघड्या मैदानात दव पडायला लागलं की पुडी ओल धरते आणि तबला उतरतो. म्हणून बड्या ख्यालानंतर हातोडी बाहेर निघते, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर चारी बाजूंनी ठोकून पुन्हा मिळवलं जातं. त्यावर ‘किती वेळ लावतात’ म्हणून कुरकुरणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. जो कलाकार मध्ये थांबून पुन्हा सूर मिळवतो, तो ऐकणाऱ्याचा मान राखतो.

वेळेचा प्रश्न मात्र मोठा आहे आणि तुझ्या पिढीवर त्याचा खरोखर अन्याय झाला आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खांसाहेबांचे शिष्य, १९५२मध्ये गेले; १९५३पासून भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. तो कित्येक वर्षं रात्रभर चाले. पहाटे तीनला दरबारी संपून ललत-भटियारापर्यंत जाणं तेव्हा शक्य होतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते, इतकंच. शेजारच्यांच्या झोपेसाठी तो नियम योग्यच आहे. पण त्यामुळे मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग मोठ्या मांडवातून जवळजवळ हद्दपार झाले. शिवाय महोत्सवात एका कलाकाराला आज साधारण पाऊण ते सव्वा तास मिळतो. जुन्या रसिकाने ऐकलेला अडीच तासांचा मालकंस आणि तू ऐकलेला पन्नास मिनिटांचा मालकंस यांची तुलना गायकांची नसून सवडीची आहे. पन्नास मिनिटांत मंद्रातली बढत पहिली कापली जाते, मग अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) आखडतो, मग बोल-आलाप, म्हणजे शब्द घेऊन केलेला आलाप. काय कापलं गेलं ते नेमकं सांगितलंस तर ज्येष्ठसुद्धा मान डोलावतील, कारण त्यांनाही तेच खुपत असतं. पहाटेचे राग ऐकायचे असतील तर बंदिस्त सभागृहातल्या सकाळच्या मैफली आणि छोट्या बैठका शोध. तीस-चाळीस माणसांची माईकशिवायची बैठक वर्षातून दोनदा जरी मिळाली, तरी आवाजाचा खरा आकार काय असतो ते कळेल आणि मांडवातल्या गाण्याला किती सूट द्यायची याचा अंदाज येईल.

टाळीला पुरावा मानू नकोस. टाळी तिहाईला (तोच तुकडा तीनदा घेऊन सम गाठण्याला) पडते, लांब श्वासाला पडते, ओळखीच्या अभंगाच्या पहिल्या शब्दाला पडते. दाद निराळी. एखाद्या जागेवर चार-दोन ठिकाणांहून नकळत ‘अहा’ निघतो, तो लक्षात ठेव. कोणत्या स्वरसंगतीवर निघाला ते लिही. भैरवीचंही भान ठेव. मैफलीचा शेवट आठवणीवर फार रेंगाळतो. सुंदर भैरवी झाली की आधीचा फसलेला बडा ख्यालही गोड वाटायला लागतो. म्हणून मध्यंतरातच, किंवा छोटा ख्याल सुरू होण्याआधी, दोन ओळी लिहून टाक. घरी जाऊन लिहिलेलं बहुधा भैरवीबद्दल असतं.

आता ध्वनिमुद्रणं. ज्यांना तू प्रत्यक्ष ऐकू शकत नाहीस त्यांच्याबद्दल यातूनच बोलावं लागेल, तेव्हा त्यांच्या मर्यादा पाठ असू देत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. केसरबाई केरकरांची (१८९२–१९७७) १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेलेली भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची आहे. त्यावरून त्यांच्या आवाजाची फेक, आकार, तानेचा भरीवपणा कळतो. दोन तासांची बढत कळत नाही. पुढच्या लाँग प्लेला एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, कॅसेटला तीस किंवा पंचेचाळीस. गायकाने त्या मापात राग बसवलेला असतो. ‘भीमसेनांचा अमुक राग बावीस मिनिटांचाच होता’ असं कुणी म्हणालं तर ती तबकडीची लांबी आहे, गाण्याची नव्हे.

खासगी मैफलींच्या टेपांमध्ये वेगाची भानगड असते. टेप ६ टक्के जलद वाजली की स्वर अर्ध्याने चढतो. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, तासाभराची मैफल साडेछप्पन्न मिनिटांत संपते आणि ताना उगाच चपळ वाटतात. त्यामुळे ‘काय तयारी होती त्या काळात!’ म्हणण्याआधी पट्टी तपास. तोच गायक त्याच सुमारास इतर ध्वनिमुद्रणांत कोणत्या पट्टीत गातो ते पेटीवर लावून पाहा. अर्ध्या स्वराचा फरक निघाला तर वेग दुरुस्त करून पुन्हा ऐक. मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात उलटा दोष असतो: यंत्र आपोआप हळू आवाज वर काढतं आणि मोठा दाबतं. गायकाने मंद्रातून तारापर्यंत चढवत नेलेला जोर त्यात सपाट होतो. अशा चित्रीकरणावरून सूर आणि लय यांबद्दल बोल. आवाजाच्या चढउताराबद्दल बोलू नकोस.

ज्येष्ठांच्या आठवणींचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण तोच खरा प्रश्न आहे. त्यांना खोडून काढायला जाऊ नकोस. त्यांना विचार: साल कोणतं, जागा कोणती, तबल्यावर कोण होतं, पेटी की सारंगी, राग कोणता, पुढे काय गायले? चांगला रसिक यातली चार तरी उत्तरं देतो आणि विचारल्यामुळे खुलतो. मग तारखांशी ताडून पाहा. वसंतराव देशपांडे १९८३मध्ये गेले. कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२ला, मल्लिकार्जुन मन्सूर त्याच वर्षी सप्टेंबरात. गंगूबाई हनगल २००९मध्ये. किशोरी आमोणकर ३ एप्रिल २०१७ला. प्रभा अत्रे १३ जानेवारी २०२४ला. सवाई महोत्सव २०१८मध्ये रमणबागेतून मुकुंदनगरच्या क्रीडासंकुलात आला. कुणी ‘१९९५ला कुमारांचा भूप ऐकला’ म्हणालं तर साल चुकलंय. भूप चुकलाच असं नाही. सालावरून हिणवलंस तर तो भूप तुला कधीच ऐकायला मिळणार नाही. त्या वर्षीची छापील कार्यक्रमपत्रिका किंवा दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र ग्रंथालयात मिळतं का पाहा, साल दुरुस्त करून त्यांना परत सांग. दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलेलं एका जागी जुळलं, तर ती नोंद जपून ठेवण्यासारखी.

वही कशी ठेवायची? दोनशे पानांची साधी वही, एका गाण्याला एक पान. पेन्सिल वापर, अंधारात पेन उमटतंय की नाही कळत नाही आणि मोबाइलचा उजेड मागच्या तीन रांगांच्या डोळ्यांत जातो. वर तारीख, जागा, तुझी रांग, सुरुवातीची वेळ. मग पट्टी, तंबोऱ्याची पहिली तार, राग, ताल, साथीदार. समासात आवर्तनाचे तीन आकडे. पानाच्या मध्यात फक्त दोन जागा, वेळेसकट. जास्त लिहायला लागलीस तर ऐकणं थांबेल. खाली एक उणीव, कितीही मोठा कलाकार असला तरी. आणि तळाशी चार बोटं रिकामी सोड. तिथे आठवड्याने लिहायचं: वही न उघडता काय आठवतं? आठवलेलं आणि लिहिलेलं जुळतं का ते पाहा. जिथे जुळत नाही तिथे तुझी आठवण कोणत्या बाजूला कलते ते कळेल. कुणाची शब्दांकडे कलते, कुणाची वेगाकडे, कुणाची कलाकाराच्या चेहऱ्याकडे.

वर्षाला वीस-पंचवीस मैफली अशा लिहिल्यास तर तीन वर्षांत एकाच रागाची सात-आठ पानं जमतील. मग यमनाची सगळी पानं काढून शेजारी मांड आणि ‘मी ऐकलेला सर्वांत चांगला यमन’ एवढ्याच लहान प्रश्नावर मित्रांशी भांड. तबलावादन, सतार, ठुमरी यांची तुलना ख्यालाशी करूच नकोस. तबल्यातल्या पेशकार-कायद्याची मांडणी आणि बड्या ख्यालाची बढत यांना एका तराजूत घालायला जागाच नाही. जुगलबंदीही वेगळ्या पानावर. तिथे दोन कलाकारांची पट्टी एकमेकांना सोयीची होती का, हे आधी पाहावं लागतं.

तुझ्या पत्रातल्या पाच जणांपैकी एकाने परवाच्या महोत्सवातली शेवटची मैफल सर्वांत मोठी ठरवली आणि दुसऱ्याने ती ‘सामान्य’ म्हटली, असं तू लिहिलं आहेस. ते दोघं कुठे बसले होते, ते आधी विचार. आणि तू स्वतः त्या मैफलीचं पान लिहून मला पाठव. आवर्तनाचे आकडे नसतील तर राहू देत. पहिली तार कशात होती आणि बडा ख्याल किती मिनिटं चालला, एवढं तरी आठवून बघ.